तोट्यातील यंत्र आणि नफ्यातील खेळ : व्हिडिओ गेम कन्सोलच्या किंमतनीतीची चिकित्सा

विषयप्रवेश

वेरूळच्या लेण्यांच्या तिकीटखिडकीवर एकाच वस्तूच्या दोन किमती आढळतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ऑगस्ट २०१८ मध्ये केलेल्या दरवाढीनुसार भारतीय पर्यटकास रोखीने ४० रुपये आणि परदेशी पर्यटकास ६०० रुपये असा दर ठरला. सार्क आणि बिमस्टेक गटांतील देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागू करण्यात आला. त्यापूर्वी, २०१६ पासून, हे दर अनुक्रमे ३० आणि ५०० रुपये होते. कैलास लेणे दोघांनाही तेच दिसते, उन्हाचा तडाखा दोघांनाही सारखाच बसतो; किमतीत मात्र पंधरापट अंतर आहे. अर्थशास्त्रात यास मूल्यभेद म्हणतात आणि मराठवाड्यातील महाविद्यालयात ही संकल्पना शिकविताना याहून जवळचे उदाहरण शोधावे लागत नाही. हा मूल्यभेद टिकतो याची कारणे दोन. ग्राहक कोणत्या गटातील आहे हे खिडकीवर ओळखता येते, आणि घेतलेली वस्तू पुन्हा विकता येत नाही. ज्याने कैलास पाहिले, त्याला ते पाहणे दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही.

व्हिडिओ गेम कन्सोल ही याच्या नेमकी उलट जातीची वस्तू आहे. ती खोक्यात मावते, विमानातून येते, वर्षभर वापरून पुन्हा विकता येते. तरीही जगभर ती विकण्यामागे एक ठरावीक सूत्र सांगितले जाते : यंत्र स्वस्तात, प्रसंगी तोट्यात द्यावे आणि त्यावर चालणाऱ्या खेळांतून तो तोटा भरून काढावा. वाणिज्य शाखेच्या वर्गात हे सूत्र ‘रेझर आणि ब्लेड’च्या दाखल्यासह जवळपास नैसर्गिक नियमासारखे सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या सूत्राची तपासणी भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील, अनुभवाच्या आधारे करण्याचा प्रयत्न आहे. कुलुपाशिवाय हे सूत्र चालत नाही, आणि जेथे कुलूप बसले नाही तेथे यंत्राची किंमत कधीच सूत्राप्रमाणे उतरली नाही, हे त्यातून दिसून येते.

सूत्राचा इतिहास

प्रथम दाखल्याविषयी. जिलेट कंपनीने रेझर जवळजवळ फुकट वाटून ब्लेडवर पैसा कमावला, ही कथा सर्वश्रुत आहे. रँडल पिकर या अभ्यासकाने २०१० च्या सुमारास या कथेची छाननी केली, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. पेटंट हाती असेपर्यंत, म्हणजे जेव्हा ब्लेडवर खरी मक्तेदारी होती तेव्हा, जिलेटने रेझरची किंमत चढीच ठेवली होती. पेटंटची मुदत १९२१ मध्ये संपल्यावर आणि स्पर्धक बाजारात उतरल्यावर रेझर स्वस्त झाला. ज्या दाखल्यावर सूत्र उभे आहे, तो दाखलाच सूत्रात बसत नाही. तरी पाठ्यपुस्तकांतून तो अद्याप हललेला नाही, हे नोंदविणे अगत्याचे वाटते.

कन्सोलच्या बाबतीत सूत्र आपोआप जन्मले नाही. ते घडवावे लागले. अ‍ॅटारी कंपनीने १९७७ मध्ये सुमारे २०० डॉलरना बाजारात आणलेल्या यंत्रावर कोणाचीही कॅसेट चालत असे. कंपनीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन स्थापन केली आणि अ‍ॅटारीच्या यंत्रासाठी स्वतःचे खेळ विकावयास प्रारंभ केला. पाठोपाठ अनेक जण आले. दर्जाहीन कॅसेटींचा पूर आला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील ही बाजारपेठ कोसळली. पडझडीनंतर आलेल्या निन्टेन्डोने धडा घेतला. तिच्या यंत्रात एक कुलूप-चिप होती. जोडीची चिप नसलेली कॅसेट चालतच नसे. कॅसेटी निन्टेन्डोच बनवी, खेळ तयार करणाऱ्याकडून त्याचे पैसे घेई, आणि परवानाधारकास वर्षाला पाचच खेळ काढण्याची मुभा देई. यंत्राच्या किमतीत सवलत देण्याचे धाडस परवडू लागले ते या कुलुपामुळे.

पुढे रोशे आणि तिरोल यांनी २००३ मध्ये दोन बाजूंच्या बाजारपेठेचा जो सिद्धान्त मांडला, त्यात कन्सोलचे उदाहरण आवर्जून येते. कन्सोल कंपनीच्या एका बाजूला खेळणारा आणि दुसऱ्या बाजूला खेळ तयार करणारा असतो. खेळणारे वाढले की तयार करणारे येतात, तयार करणारे आले की खेळणारे वाढतात. अशा वेळी जो पक्ष किमतीला अधिक संवेदनशील त्याला सवलत द्यावी आणि दुसऱ्याकडून वसुली करावी, हे ओघाने येते. सिद्धान्त सुसंगत आहे. मात्र वसुली करता येणे हे त्यात गृहीत धरलेले आहे.

तोट्याचे आकडे खोटे नाहीत. सोनीचा प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरना आला, तेव्हा आयसप्लाय या संस्थेने त्याचे सुटे भाग व जुळणी यांचा खर्च अनुक्रमे सुमारे ८०६ आणि ८४० डॉलर काढला होता. मार्च २००७ अखेरच्या वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३,२३० कोटी येनचा तोटा झाला. मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने मे २०२१ मध्ये अमेरिकी न्यायालयात साक्ष देताना कंपनीने एक्सबॉक्स यंत्रावर कधीच नफा कमावला नसल्याचे सांगितले. तथापि निन्टेन्डोचा वी हा त्याच काळातील यंत्र २५० डॉलरनाही नफ्यात विकला जात होता, हेही विसरून चालणार नाही. तोटा हा या धंद्याचा नियम नव्हता. दोन स्पर्धकांनी पत्करलेला तो एक डाव होता.

भारतातील किंमत

सूत्र सर्वत्र लागू असेल, तर ज्या देशात उत्पन्न कमी आणि किमतीविषयीची संवेदनशीलता अधिक, तेथे यंत्र अधिक स्वस्त असावयास हवे. प्रत्यक्षात काय घडले? मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००६ मध्ये भारतात एक्सबॉक्स ३६० आणला. साध्या संचाची किंमत १९,९९० आणि वरच्या संचाची २३,९९० रुपये होती. अमेरिकेत हेच संच २९९ आणि ३९९ डॉलरना मिळत. डॉलर तेव्हा ४६ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सुमारे १३,८०० आणि १८,४०० रुपये. एप्रिल २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ भारतात ३९,९९० रुपयांना आला. ही रक्कम त्या वर्षीच्या देशाच्या दरडोई वार्षिक उत्पन्नाहून अधिक होती. येथे एक न्याय्य दुरुस्ती करावयास हवी. अमेरिकेतील छापील किमतीत विक्रीकर धरलेला नसतो आणि भारतीय यंत्र युरोपच्याच गटातील होते. युरोपात करासह ५९९ युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने ३३ हजारांच्या पुढे, मोजावे लागत. तरीही भारतीय ग्राहकाच्या वाट्याला सहा हजारांहून अधिक फरक उरतोच.

हा फरक केवळ करांमुळे पडतो, असे समर्थन नेहमी केले जाते. ते तपासून पाहण्याजोगे आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात कन्सोलवरील मूळ सीमाशुल्क १० वरून २० टक्के झाले आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार बसला. वस्तू व सेवा कर जुलै २०१७ मध्ये २८ टक्के होता. परिषदेच्या डिसेंबर २०१८ मधील निर्णयाने तो जानेवारी २०१९ पासून १८ टक्क्यांवर आला. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात ४९,९९० रुपयांना आला. त्यातून वस्तू व सेवा कर वजा केला की सुमारे ४२,४०० रुपये उरतात, आणि सीमाशुल्कही काढले की आयातमूल्य किती धरले यानुसार ३५ ते ३७ हजार. अमेरिकेतील ४९९ डॉलरचे त्या वेळच्या दराने सुमारे ३६,४०० रुपये होतात. म्हणजे या यंत्राबाबत करांचे समर्थन बव्हंशी खरे आहे. कंपनीने भारतीयाकडून जादा घेतले नाही. पण कमीही घेतले नाही.

एक्सबॉक्स सीरीज एसबाबत मात्र हे समर्थन अपुरे पडते. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला हा यंत्र मुद्दाम कमी उत्पन्नाच्या ग्राहकासाठी काढलेला होता. अमेरिकेत त्याची किंमत २९९ डॉलर, म्हणजे थोरल्या सीरीज एक्सपेक्षा ४० टक्के कमी. भारतात थोरला ४९,९९० आणि धाकटा ३४,९९० रुपयांना आला; अंतर ३० टक्केच राहिले. सर्व कर वजा केले तरी धाकट्याची किंमत सव्वातीनशे डॉलरच्या खाली येत नाही. गरिबासाठी काढलेल्या यंत्रावरच गरीब देशात सर्वाधिक चढ बसावी, याचे उत्तर करांच्या कोष्टकात सापडत नाही. ते विक्रीच्या अल्प संख्येत, वितरकाच्या जोखमीत आणि या ग्राहकाकडून पुढे खेळांद्वारे फारसे काही मिळणार नाही या हिशोबात शोधावे लागते.

कॅसेट, पार्लर आणि चिप

हा हिशोब कोठून आला, हे समजण्यासाठी नव्वदच्या दशकातील महाराष्ट्राच्या बाजारपेठेकडे वळावे लागते. त्या काळी ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघरी आलेले यंत्र बहुधा निन्टेन्डोची नक्कल असे. मीडिया कंपनीचा लिटल मास्टर हे त्यातील एक परिचित नाव. या यंत्रांना कुलूप नव्हते. एकाच कॅसेटीत शेकडो खेळ असल्याचा दावा वेष्टनावर असे आणि त्यांतील बहुतेक खेळ एकाचीच रूपे निघत. यंत्र विकणाऱ्यास कॅसेटीतून काही मिळत नसे. त्यामुळे त्याला आपला नफा यंत्रावरच काढणे भाग होते. सूत्राची दुसरी बाजू नसल्याने पहिली बाजूही नव्हती. कॅसेटीचा व्यवहार दुकानदार आणि मुले यांच्यात स्वतंत्रपणे चाले : जुनी कॅसेट द्यावयाची, वर थोडे पैसे द्यावयाचे आणि दुसरी घेऊन जावयाची. अर्थशास्त्रीय परिभाषेत हा वापरलेल्या मालाचा कार्यक्षम बाजार होता. त्याची नोंद कोणत्याही खतावणीत झाली नाही, ही गोष्ट वेगळी.

ज्यांना यंत्र परवडत नव्हते त्यांच्यासाठी व्हिडिओ गेम पार्लर होते. औरंगाबादसारख्या शहरात, आणि पुढे तालुक्याच्या गावांतही, तासावर पैसे घेऊन प्लेस्टेशन खेळावयास देणारी छोटी दुकाने निघाली. टिकाऊ वस्तूची किंमत एका कुटुंबाला झेपत नसेल तर ती वेळेच्या तुकड्यांत विकावी, हा मार्ग कोणा कंपनीने सुचविलेला नव्हता; भाड्याची सायकल आणि व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी यांची सवय असलेल्या समाजाने तो काढला. पार्लरमधील एक यंत्र अनेक घरांतील यंत्रांची जागा घेई. कंपनीच्या दृष्टीने ते एकच विकलेले यंत्र होते आणि त्यावर विकलेले खेळ तर बहुधा शून्य.

कारण तोवर चिप आली होती. प्लेस्टेशन २ मध्ये चिप बसवून घेतली की कॉपी केलेल्या डिस्क चालत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि अन्य शहरांत दुरुस्तीच्या दुकानांतून हे काम सर्रास होई. भारतीय ग्राहक पैसे देऊ इच्छित नाही, असा निष्कर्ष यावरून घाईने काढला जातो. त्यास एक मोठा अपवाद कंपनीच्याच धोरणाने निर्माण केलेला होता. न्यू जर्सीहून सुट्टीत येणारा भाऊ घरच्या मुलांसाठी प्लेस्टेशन २ आणी. तो अमेरिकी गटातील असे. भारतात अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या युरोपीय गटातील डिस्क त्यावर चालत नसत. एकच यंत्र निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या किमतीला विकता यावे म्हणून ही प्रादेशिक कुंपणे घातली गेली होती. वेरूळच्या खिडकीवर ओळखपत्र जे काम करते, ते येथे कुंपणाने करावे अशी अपेक्षा होती. परिणाम असा झाला की ज्याने यंत्राची पूर्ण किंमत मोजली होती, त्यालाही पुढचा खेळ घेण्यासाठी चिप बसविणाऱ्याच्या दुकानी जावे लागले. एकदा चिप बसली की पन्नास-शंभर रुपयांची कॉपी सोडून हजारांची डिस्क घेण्यास कारण उरत नाही.

सोनीने हे ओळखले नव्हते असे नाही. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी भारतात तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ ४९९ रुपयांना विकला गेला. पाठोपाठ ‘देसी अड्डा’ आला. खेळांचा दर्जा सामान्य होता, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले असते. पण किंमतनीती म्हणून प्रयोग लक्षणीय आहे : कॉपीशी स्पर्धा कायद्याने न करता किमतीने करावयाची. प्रयोग झाला तोवर या यंत्राचे वय सरत आले होते. १९९९–२००० साली जन्मलेल्या प्लेस्टेशन २ चे उत्पादन २०१३ च्या प्रारंभी थांबल्याचे जाहीर झाले. नव्या यंत्रांसाठी असे स्वस्त खेळ आले नाहीत.

उंच किमतीमुळे कॉपी वाढली की कॉपीमुळे किंमत उंच राहिली, हा प्रश्न कोंबडी आणि अंडे या स्वरूपाचा वाटतो आणि दोन्ही दिशांनी काही सत्य आहे. तथापि भारतातच एक प्रतिउदाहरण उपलब्ध आहे. जुलै २०१७ मध्ये मुंबईत जाहीर झालेला जिओफोन १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर देण्यात आला. त्यात जिओचेच सिम चालत असे आणि रक्कम परत मिळण्यासाठी ठरावीक रिचार्ज करणे आवश्यक होते. कुलूप पक्के होते, म्हणून यंत्र जवळपास फुकट देता आले. भारतीय ग्राहकाला स्वस्त यंत्र आणि पुढची वसुली हे समीकरण मानवत नाही, असे या अनुभवानंतर म्हणता येणार नाही. वेरूळ-खुलताबाद परिसरातील तरुण आज खेळतो तो मोबाइलवर, आणि तेथे खेळ फुकट असून वसुली खेळाच्या आत होते, हेही याच दिशेला निर्देश करते.

डिस्क नसलेले यंत्र

कन्सोलचे कुलूप आता जवळपास परिपूर्ण झाले आहे. खेळ कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून उतरवून घेतले जातात, खाते देशाशी जोडलेले असते आणि अशा विक्रीतून कंपनी सुमारे ३० टक्के वाटा घेते. डिजिटल खेळ सुटकेसमधून येत नाही आणि पुन्हा विकता येत नाही. वेरूळच्या तिकीटखिडकीला लागणाऱ्या दोन्ही अटी येथे पूर्ण होतात. मूल्यभेदास आडकाठी उरलेली नाही. असे असता भारतीय खेळाडूस कमी दर मिळाला काय? प्लेस्टेशन ५ चे कंपनीचे मोठे खेळ अमेरिकेत ६९.९९ डॉलरना आणि भारतात ४,९९९ रुपयांना आले. त्या वेळच्या दराने ६९.९९ डॉलरचे सुमारे ५,१०० रुपये होतात. संगणकावरील खेळ विकणाऱ्या स्टीमने २०१५ मध्ये रुपयांत किमती सुरू केल्या, तेव्हा अनेक खेळ डॉलरच्या भावाहून बरेच स्वस्त होते. करता येत नव्हते, असे म्हणण्यास त्यामुळे जागा राहत नाही.

यंत्राची किंमत काळानुसार उतरते, हा सूत्राचा दुसरा आधारही आता डळमळला आहे. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरना आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरला. प्लेस्टेशन ५ चे उलट झाले. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये तो ५४,९९० रुपयांवर गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतही त्याची किंमत ५० डॉलरनी वाढली. थांबल्यास स्वस्त मिळेल, या आशेवर थांबणाऱ्या ग्राहकाची ही गणिते चुकली.

यंत्राची डिस्क नसलेली आवृत्ती भारतात ३९,९९० रुपयांना, म्हणजे १०,००० रुपयांनी स्वस्त, देऊ करण्यात आली. या सवलतीकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. डिस्क चालविणारा भाग काढून टाकल्याने कंपनीचा वाचणारा खर्च दहा हजारांच्या जवळपासही जात नसावा. उरलेली रक्कम हा पुनर्विक्रीचा हक्क सोडून देण्याचा मोबदला होय. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनवर वापरलेल्या डिस्कवर निर्बंध घालण्याचे जाहीर केले, तेव्हा ग्राहकांच्या विरोधामुळे तो निर्णय काही दिवसांतच मागे घ्यावा लागला होता. जे सक्तीने साधले नाही, ते येथे सवलतीने साधले जाते. कॅसेट बदलून घेण्याच्या सवयीतून आलेल्या ग्राहकाने मात्र हिशोब मांडून पाहावा. ४,९९९ रुपयांची डिस्क खेळून झाल्यावर निम्म्या किमतीला विकली, असे धरले तर एका खेळामागे अडीच हजार रुपये परत येतात. चार खेळांत दहा हजारांची सवलत फिटते, आणि पाचव्या खेळापासून स्वस्त म्हणून घेतलेला यंत्र महाग पडू लागतो.